वास कुठे असतो?

मुलांनो, सर्दीनं नाक चोंदलं की आई रुमालावर कशाचे थेंब टाकते? बरोबर, नीलगिरीच्या तेलाचे! रुमाल नाकाशी धरला की थेट कपाळापर्यंत गार झोत गेल्यासारखं वाटतं. आता एक गंमत करून बघा. पांढरा कोरा कागद घ्या. त्यावर एका बाजूला नीलगिरीच्या तेलाचा एक थेंब टाका आणि दुसऱ्या बाजूला खोबरेल तेलाचा. कागद पंख्याखाली ठेवून द्या आणि खेळायला जा. खेळून आल्यावर पाहा. नीलगिरीचा डाग गायब झालेला असेल. खोबरेलाचा मात्र तेलकट, आरपार दिसणारा डाग तस्साच. उद्या बघा, परवा बघा, तो तिथेच.

म्हणजे दोघांनाही आपण 'तेल' म्हणत असलो तरी दोघांची जात वेगळी. एक डोक्याला चोपडायचं, तळणाला वापरायचं, जागचं न हलणारं तेल. दुसरं हवेत उडून जाणारं. हे उडणारे कण आपल्या नाकात शिरतात म्हणून तर वास येतो. जे उडत नाही त्याचा वास येत नाही. लवंग, वेलची, वाळा, गवती चहा, संत्र्याची साल या सगळ्यांत अशी उडून जाणारी तेलं असतात. संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ पिळली की चटचट ठिणग्या उडतात ना, ते हेच तेल. (हा उद्योग घरात मोठं माणूस जवळ असतानाच करायचा!)

या उडणाऱ्या तेलांच्या घराण्यात एक आजोबा आहेत. त्यांना उडायची मुळीच घाई नाही. बाकीची बरीचशी मंडळी लवकर पसार होतात, आजोबा मात्र दिवसभर रेंगाळतात. हे आजोबा म्हणजे चंदनाचं तेल. असं का, तर त्यातला मुख्य वासाचा पदार्थ म्हणजे सँटॅलॉल. त्याचे रेणू चांगले जडशीळ असतात. नीलगिरीच्या तेलातल्या मुख्य पदार्थाच्या रेणूत कार्बनचे १० अणू, तर सँटॅलॉलच्या रेणूत १५. अंगानं जड माणूस जागचं सावकाश उठतं, तसंच हे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी चंदनाच्या तेलाची बाटली वगैरे काही नव्हती. होती ती एक सहाण आणि चंदनाचं खोड. आजोबा रोज सकाळी आंघोळ करून देवापुढे बसायचे आणि सहाणेवर दोन थेंब पाणी टाकून खोड गोल गोल फिरवायचे. घर्रर्र, घर्रर्र असा बारीक आवाज यायचा. वर्षानुवर्षं उगाळून ती सहाण मधोमध बशीसारखी खोलगट झाली होती. मला उगाळायला दिलं की मी जोर लावायची. आजोबा म्हणायचे, "बाळ, जोर नको लावूस. झिजायचं काम चंदनाचं, तू नुसतं फिरव." पाचेक मिनिटांनी पिवळसर गंध तयार व्हायचं आणि मगच वास सुटायचा. कोरडं खोड कितीही वेळ नाकाशी धरा, वास अगदी पुसट. उगाळल्याशिवाय आतला वास बाहेर येत नाही. दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या माणसाला आपण 'चंदनासारखा झिजला' म्हणतो. हा वाक्प्रचार ज्यानं पहिल्यांदा वापरला, त्यानं स्वतः गंध उगाळलेलं असणार!

देवाला लावून उरलेलं गंध आजीच्या ताब्यात जायचं. आजी म्हणजे आमच्या घरचा दवाखाना. डोकं दुखतंय म्हटलं की ती आधी विचारणार, "सर्दीनं दुखतंय की उन्हानं?" सर्दीनं दुखत असेल तर सुंठ उगाळून तिचा गरम लेप. उन्हानं दुखत असेल तर चंदनाचा गार लेप. वैशाखात घामोळं उठलं की पाठीवर चंदन आणि गुलाबपाणी. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा यांच्या जोडीला चिमूटभर चंदनाची पूड. शालू-पैठणीच्या ट्रंकेत कसर लागू नये म्हणून खोडाचा एक तुकडा. तो तुकडा इतका जुना होता, पण ट्रंक उघडली की आजीच्या लग्नातला वास येतो असं सगळे म्हणायचे. आजीच्या लग्नात आमच्यापैकी कोण होतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

हे काही आमच्याच घरचं नाही. चरकसंहितेत औषधी वनस्पतींचे गट केले आहेत. त्यांत अंगाची आग शमवणाऱ्या 'दाहप्रशमन' गटात चंदन आहे आणि वर्ण उजळवणाऱ्या 'वर्ण्य' गटातही चंदन आहे. आयुर्वेदाच्या दुकानात आजही चंदनासव आणि चंदनबलालाक्षादि तेल मिळतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हाताला चंदनाचा लेप लावायची रीत बऱ्याच घरी आहे. आणि पंढरपूरला तर उन्हाळ्यात साक्षात विठ्ठलाच्या अंगाला चंदनाची उटी लावतात! गुढीपाडव्याला ही चंदनउटी पूजा सुरू होते ती मृग लागेपर्यंत. देवालाही उन्हाळा बाधतो, हा विचारच मला फार गोड वाटतो.

आता तुमच्यातला एखादा चौकस मुलगा विचारेल, "बाई, लेपानं खरंच गार वाटतं की उगीच?" खरंच वाटतं. एक तर लेपात पाणी असतं. ते वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी जसं गार होतं तसंच. हे झालं पाण्याचं काम. दुसरं काम वासाचं. नाकातून निघालेला वासाचा निरोप मेंदूत जिथे पोचतो, तिथून आठवणी आणि भावना सांभाळणारे भाग अगदी जवळ असतात. म्हणून तर नव्या पुस्तकाच्या वासानं जून महिना आठवतो. शांत देवघर, गार फरशी आणि चंदन हे सगळं लहानपणापासून एकत्र अनुभवलं असेल, तर पुढे नुसत्या चंदनाच्या वासानंही जीव निवतो. वासाचा असा उपयोग करण्याच्या पद्धतीला आता सगळीकडे 'अरोमाथेरपी' म्हणतात. रेने-मोरिस गात्तफोसे या फ्रेंच रसायनज्ञानं १९३७ साली या नावाचं पुस्तक लिहिलं आणि तो शब्द रूढ झाला. शब्द नवा, पण आजीची ट्रंक त्याच्या कितीतरी आधीची.

पण चंदनाच्या वासानं ताप उतरतो, आजार बरे होतात असं कुणी सांगितलं तर माना डोलावू नका. जीव निवणं वेगळं आणि आजार बरा होणं वेगळं. ताप आला तर डॉक्टरांकडेच जायचं. २०१४ साली जर्मनीतल्या बोखुम इथल्या शास्त्रज्ञांनी मात्र एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. वास ओळखणारे जे 'कान' आपल्या नाकात असतात, तसलेच काही आपल्या त्वचेच्या पेशींवरही असतात. चंदनासारखा वास देणारा एक पदार्थ या पेशींवर टाकला, तर त्यांची वाढ आणि जखम भरून येण्याचं काम वेगानं होतं, असं त्यांना प्रयोगशाळेत आढळलं. तो पदार्थ मात्र कारखान्यात बनवलेला होता, झाडातला नव्हे. तेव्हा ही बातमी वाचून कुणी गुडघा फुटल्यावर चंदनाचं तेल ओतू नये.

एवढं सगळं मला वर्गात सांगावं लागलं ते एका झाडामुळे. त्याची गोष्ट आता सांगते.

सोलापूर जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी आमची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून, कडुनिंब आणि तरवडाच्या आडोशाला एक झाड आहे. ते कुणी लावलेलं नाही. दोन पुरुष उंच, मांडीएवढ्या जाडीचं, समोरासमोर चकचकीत पानं असलेलं. फुलं बारीक, आधी पिवळट आणि मग तांबूस-जांभळी. फळं काळसर जांभळी, टपोऱ्या करवंदापेक्षा लहान. बुलबुल ती आवडीनं खातात. अशाच कुठल्यातरी पाखराच्या विष्ठेतून बी पडलं असणार. हे चंदन आहे हे मी मुलांना सांगितलं, तेव्हा सगळा वर्ग पळत जाऊन झाडाला नाकं लावून उभा राहिला! सालीला वास नाही. पानं चुरगळली, वास नाही. फुलांनाही नाही. एकानं तर माती हुंगून पाहिली. मग सगळे माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हे चंदन नाहीच!"

चंदनाच्या झाडाला वासासाठी साप विळखे घालून बसतात, असं तुम्हीही ऐकलं असेल. साप जसे दुसऱ्या झाडांवर येतात तसे याही झाडावर येतील, पण वासासाठी मुळीच नाही. कारण उभ्या झाडाला वासच नसतो. तो असतो आत, गाभ्यात. बाहेरचं पांढरं लाकूड बिनवासाचं. झाड साधारण दहा वर्षांचं झालं की आत पिवळसर-तपकिरी गाभा धरायला लागतो. तो भरायला तीस, चाळीस, पन्नास वर्षंही लागतात. सगळ्यांत जास्त तेल असतं मुळांत. म्हणून चंदन कापत नाहीत, मुळासकट उपटतात.

मागच्या वर्षी जुलैत चौथीतली एक मुलगी धावत आली. "बाई, आपल्या झाडाला भुंगा लागलाय!" जाऊन पाहिलं तर खोडात, कमरेच्या उंचीवर, पेन्सिल जाईल एवढं भोक. खाली पांढरा भुसा पडलेला. गावात वनखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी भोकात काडी घालून पाहिली, भुसा चिमटीत चोळला, हुंगला आणि म्हणाले, "बाई, भुंगा एवढं सरळ भोक पाडत नाही. हे गिरमिटाचं काम आहे."

चंदनचोर असंच करतात म्हणे. रात्रीचं यायचं, गिरमिटानं खोडाला भोक पाडायचं आणि आतला भुसा हुंगायचा. पिवळा आणि वासाचा निघाला तर करवत लावायची. पांढरा निघाला तर सोडून द्यायचं. आमच्या झाडाचा भुसा पांढरा निघाला होता. आजोबा म्हणाले, "अजून लेकरू आहे म्हणून वाचलं. पण त्यांनी जागा हेरून ठेवली. पाच-सात वर्षांनी परत येतील." ती चौथीतली मुलगी लगेच बोटांवर मोजायला लागली. "म्हणजे मी तेव्हा अकरावीत असेन," ती म्हणाली.

चोर एवढा खटाटोप का करतात, हे कळायला तेल कसं काढतात ते पाहायला हवं. वर्गात ते दाखवायचं तर चंदन कुठून आणायचं? म्हणून आम्ही गवती चहावर भागवलं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी त्यांचा जुना कुकर दिला. त्यात पाणी आणि चिरलेला गवती चहा घातला. शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवली आणि नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवून तिचं तोंड बाटलीत सोडलं. गॅस पेटवला. थोड्या वेळानं बाटलीत थेंब थेंब पाणी पडायला लागलं. त्या पाण्याला गवती चहाचा सुरेख वास! नीट पाहिलं तर पाण्यावर एक नाजूक तेलकट तवंगही दिसला. वाफेबरोबर तेल उडून आलं आणि गार झाल्यावर पाण्यापासून वेगळं झालं. (नळी मोकळी आहे ना हे मावशी आणि मी सारखं बघत होतो. वाफ कोंडली तर कुकर फुटतो. म्हणून हा प्रयोग मुलांनी आपापल्या घरी करायचा नाही, म्हणजे नाही!)

चंदनाचं तेलही असंच वाफेनं काढतात. फक्त गवती चहाचं काम तासाभरात होतं, आणि चंदनाच्या भुश्यातून वाफ दोन-दोन, तीन-तीन दिवस सोडावी लागते. तेव्हा कुठे ते जडशीळ आजोबा जागचे उठतात. आता गणित घाला. समजा एका मोठ्या झाडाचा नुसता गाभा २० किलो निघाला आणि त्यात शेकडा ५ या प्रमाणात तेल आहे. तर तेल किती मिळेल? एक किलो. त्या एक किलो तेलामागे झाडाची तीस-चाळीस वर्षं आणि झाडाचा जीव. म्हणूनच ते तेल सोन्यासारखं तोलून विकतात.

चंदनाचं नाव काढलं की म्हैसूर आठवतं. टिपू सुलताननं १७९२ साली चंदन हा राजवृक्ष ठरवला. म्हणजे झाड कुणाच्याही शेतात उगवो, मालकी राज्याची. पुढे राजे बदलले, सरकारं बदलली, पण कर्नाटकात हा नियम थेट २००१ सालापर्यंत चालू होता. आता मला सांगा, झाड आपल्या बांधावर, राखण आपण करायची आणि ते आपलं नाहीच, तर शेतकरी चंदन कशाला वाढवेल? उगवलेलं रोप गुपचूप उपटून टाकणारे लोक होते, असं जुनी माणसं सांगतात. झाड वाचवण्यासाठी केलेला नियम झाडाच्याच मुळावर आला. २००१ मध्ये कर्नाटकानं कायदा बदलला आणि झाड जमीनमालकाचं झालं.

तेलाची गोष्ट पहिल्या महायुद्धापासून सुरू होते. त्याआधी म्हैसूरचं चंदनाचं लाकूड लिलावात विकलं जाई. बरंचसं जर्मनीला जाई आणि तिथे त्याचं तेल निघे. झाड आपलं आणि तेल त्यांचं! १९१४ साली युद्ध पेटलं आणि गिऱ्हाईक बंद झालं. लाकडाचे ढीग पडून राहिले. तेव्हा म्हैसूरचे महाराज होते चौथे कृष्णराज वाडियार आणि दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. होय, ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो तेच. तेल इथेच काढायचं ठरलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सडबरो आणि वॉटसन या दोन प्राध्यापकांनी पद्धत बसवून दिली आणि १९१६ साली तेल निघालं. मग म्हैसूरला कारखाना उभा राहिला आणि त्या तेलापासून साबणही बनू लागला. तो म्हैसूर सँडल साबण आजही मिळतो. त्याच्या वेष्टणावर सिंहाचं धड आणि हत्तीचं डोकं असलेला एक प्राणी आहे. त्याला शरभ म्हणतात. पुढच्या वेळी वाण्याकडे गेलात की बघा.

चंदनाच्या तेलाचं दुसरं माहेर तर चंदन उगवतच नाही अशा ठिकाणी आहे. उत्तर प्रदेशातलं कनौज! तिथे अत्तरं करतात. तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे 'डेग'मध्ये, गुलाबाची नाहीतर मोगऱ्याची फुलं आणि पाणी घालतात. तोंड मातीनं लिंपून टाकतात. खाली लाकडं, शेणी पेटवतात. बांबूची नळी वाफ घेऊन जाते ती 'भपका' नावाच्या तांब्याच्या भांड्यात. हा भपका पाण्याच्या टाकीत बुडवलेला असतो. म्हणजे आमच्या कुकरचाच थोरला भाऊ! पण भपक्यात आधीपासूनच चंदनाचं तेल घालून ठेवलेलं असतं. गुलाबाचा वास चंचल, कधी उडून जाईल नेम नाही. चंदनाचं तेल त्याला पकडून ठेवतं. वरचं पाणी काढून टाकायचं, उद्या पुन्हा ताजी फुलं, पुन्हा वाफ, असं दिवसेंदिवस चालतं. कनौजचे लोक भाजलेल्या मातीचंही अत्तर करतात, पहिल्या पावसाच्या वासाचं. हे वर्गात सांगितलं तेव्हा माती हुंगणाऱ्या मुलानं सगळ्यांकडे असं काही पाहिलं की बस्स!

आता चंदनाचं तेल इतकं महाग झालंय की बरीच अत्तरं दुसऱ्याच स्वस्त, बिनवासाच्या तेलात करतात. जत्रेत वीस रुपयांना 'शुद्ध चंदन तेल' मिळतं, त्यात चंदन किती असेल हे वरच्या गणितावरून तुम्हीच ओळखा. बहुतेक उदबत्त्यांतला चंदनाचा वासही कारखान्यात बनवलेला असतो. त्यात वाईट काही नाही. कृत्रिम वासामुळे खरी झाडं वाचतात, असं माझं मत आहे. मात्र त्याला 'शुद्ध' म्हणू नये.

इथे पालकांशी दोन शब्द बोलते. सुगंधी तेलं फार तीव्र असतात. ती थेट कातडीला लावू नयेत, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक-दोन थेंब मिसळून घ्यावं. तान्ह्या मुलांना लावूच नये, डोळ्यांजवळ नेऊ नये आणि पोटात तर कधीच देऊ नये. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. कुणाला दमा असेल तर बंद खोलीत उदबत्तीचा धूर करू नये, मग ती कितीही महागाची असो. सहाणेवर उगाळलेलं गंध त्या मानानं सौम्य असतं, पण तेही लावून आग झाली तर लगेच धुऊन टाकावं.

तर आमच्या झाडाचं काय झालं? गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत गेली. एक पालक उभे राहून म्हणाले, "झाड आत्ताच काढून टाका. ही नसती ब्याद कशाला?" मला आधी राग आला. पण त्यांचं पुढचं बोलणं ऐकून मी गप्प झाले. ते म्हणाले, "चंदनचोरांकडे कुऱ्हाडी असतात, करवती असतात. भिंतीपलीकडेच पोषण आहाराच्या मावशी राहतात. रात्री आवाज ऐकून त्या बाहेर आल्या तर?" कर्नाटक आणि तामिळनाडूच्या जंगलात वीरप्पन नावाचा चंदनतस्कर होता. २००४ साली तो मारला गेला, पण तोवर त्यानं कितीतरी पोलीस आणि वनकर्मचाऱ्यांचे जीव घेतले होते. तेव्हा त्या पालकांची भीती काही खोटी नव्हती. दुसरे म्हणाले, "वाढू द्या, पुढे विकून दोन खोल्या बांधू." मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "झाड राहू द्या. फक्त तिथं उजेड करा. आणि रात्री काही वाजलं तर मी काय दार उघडणार नाही, हेही सांगून ठेवते." सगळे हसले, पण त्यांचं म्हणणं लिहून घेतलं.

तसंही मनात आलं म्हणून चंदन तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागणाऱ्या झाडांत चंदन आहे. मग आम्ही वनखात्याच्या कार्यालयात झाडाची नोंद द्यायला अर्ज केला. ग्रामपंचायतीनं मागच्या कोपऱ्यात खांबावर दिवा लावला. मुलांना मी बजावून ठेवलंय की झाडाची राखण हे तुमचं काम नाही. रात्री कुणी तिकडे फिरकायचं नाही, आणि शाळेच्या वेळात अनोळखी माणूस झाडापाशी दिसला तर फक्त येऊन सांगायचं.

त्यांना करण्यासारखं काम वेगळं निघालं. दिवाळीच्या आधी झाडाखाली फळं पडली. मुलांनी गर धुऊन बिया वाळवल्या आणि चाळीस बिया पिशव्यांत पेरल्या. एक महिना झाला, काही नाही. दीड महिना झाला, तरी नाही. वर्गातल्या निम्म्या जणांनी आशा सोडली. जानेवारीत एकेक करून कोंब वर आले, एकूण अकरा. मग आजोबांनी प्रत्येक पिशवीत शेजारी तुरीचे दोन दाणे टोचायला लावले. का, माहीत आहे? चंदन हा अर्धा परजीवी आहे! पानं हिरवी असल्यामुळे अन्न स्वतः तयार करतो, पण त्याची मुळं जमिनीखाली शेजाऱ्याच्या मुळांना चिकटतात आणि पाणी, क्षार शोषून घेतात. एकट्यानं लावलेलं चंदन खुरटतं. म्हणजे आमचं ते झाड इतकी वर्षं कडुनिंबाच्या आणि तरवडाच्या जिवावर वाढत होतं, आणि मुलं रोज त्या कडुनिंबाखाली डबा खात होती.

"बाई, मग हासुद्धा चोरच की!" एक जण म्हणाला. त्यावर वर्गात बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की शेजारी न मरता घेतलं तर ते उसनं.

अकरा रोपं अकरा घरी जायची आहेत, येत्या जूनमध्ये. कुणाच्या परसात, कुणाच्या बांधावर. अकरा जणांची नावं चिठ्ठ्या टाकून काढली. ती बोटं मोजणारी मुलगी त्यात नाही, म्हणून दोन दिवस रुसली होती. आता ती रोज मोठ्या झाडापाशी जाऊन भोक तपासते. कडेनं साल वाढून ते हळूहळू बुजतंय. आधी त्यात पेन्सिल जायची. परवा तिनं पाहिलं तर आगपेटीची काडीच तेवढी गेली.